लवंगी मिरची : निषेध की मात्रा?

पथ्यपत्रकावर ‘मिरची वर्ज्य’ असे लिहिणे सोपे असते. ते पाळले जात नाही, हा आम्हां वैद्यांचा नित्याचा अनुभव होय. एक पथ्य मोडले की रुग्ण उरलेलीही सोडून देतो. म्हणून सरसकट निषेधाऐवजी मात्रा सांगता येईल काय, याचा विचार लवंगी मिरचीच्या निमित्ताने करू.

चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहितांत मिरची नाही. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली आणि उत्तरकालीन निघंटूंत ‘कटुवीरा’ म्हणून नोंदली गेली. नामसादृश्यामुळे मरिचाचे गुण तिला लावणे योग्य नव्हे. औषधी निर्मात्यांनी त्रिकटूत मिऱ्याऐवजी ती योजणे तर सर्वथा अनुचित.

मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सेसिन हे बियांत नव्हे, तर बिया धरून ठेवणाऱ्या आतील पांढरट शिरांत तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्नेहात विरघळते. साहजिकच तोंडाची आग पाण्याने शमत नाही, दुधाने शमते. हे द्रव्य ज्या संवेदनाग्राहीवर कार्य करते, तो डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकामागे हेच संशोधन होते.

लवंगीचा विशेष असा की, तिखटपुडीचा चमचा घरोघरी बदलतो. लवंगी मात्र मोजून देता येते. दवाखान्याच्या अंगणात कुंडीतही ती येते. बी रोपून पाचसहा आठवड्यांनी रोप निचऱ्याच्या मातीत लावावे. पाने चुरडू लागल्यास फुलकिडे व कोळी पाहावेत. निंबोळी अर्क वेळीच फवारावा. पाण्याचा ताण पडल्यास तिखटपणा साधारणतः वाढतो, म्हणून पाणी नियमित द्यावे.

अम्लपित्त, अर्श व रक्तपित्त यांत, तसेच शरद व ग्रीष्म ऋतूंत पित्तप्रकृतीस मिरची वर्ज्यच. इतरांस मात्र ‘चौघांच्या वरणास एक लवंगी, न चिरता तुपाच्या फोडणीत, वाढण्यापूर्वी काढून टाकावी’ असे स्पष्ट लिहून द्यावे. ठेचा हवाच असेल, तर मिरची उभी चिरून आतील शिरा काढाव्यात, लसूण व शेंगदाणे अधिक घ्यावेत.

जे पाळता येईल तेच पथ्य रुग्णाच्या उपयोगी पडते. वैद्यबंधूंनी आपल्या पथ्यपत्रकातील तो एक शब्द पुन्हा तपासावा, एवढीच आमची विनंती.