वेब डिझाइनचे सर्टिफिकेट : फी भरण्याआधी हे वाचा

वेब डिझाइनमध्ये करिअर करायचे, तर सर्टिफिकेट कोर्सवर पैसे खर्च करावेत का?

कायद्याने ते लागते का?
नाही. आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करायला १९७२च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. वेब डिझायनरसाठी असा परवाना नाही.

मग काम कशावर मिळते?
मुख्यतः पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतः केलेल्या कामावर. मोबाइलवर नीट उघडणाऱ्या तीन-चार वेबसाइट दाखवता आल्या पाहिजेत आणि त्या कशा केल्या हे सांगता आले पाहिजे. गिटहब पेजेसवर अशा साध्या वेबसाइट मोफत ठेवता येतात.

सर्टिफिकेट कधी उपयोगी पडते?
भरतीच्या जाहिरातीत ती पात्रता मागितली असेल तेव्हा. शिवाय, एकट्याने शिकताना अभ्यास मागे पडत असेल, तर कोर्सचे वेळापत्रक कामी येते.

ते कायम पुरते का?
नाही. पानाची मांडणी सोपी करणारे सीएसएस ग्रिड २०१७मध्ये प्रमुख ब्राउझरमध्ये आले. त्याआधी कोर्स केलेल्यांना ते नव्याने शिकावे लागले.

मोफत पर्याय आहे?
आहे. फ्रीकोडकॅम्पवर कोर्स आणि सर्टिफिकेट दोन्ही मोफत आहेत. आधी महिनाभर तिथे शिकून पाहा. आवड टिकते का, ते कळेल.

क्लासला काय विचारावे?
‘मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या वेबसाइटच्या लिंक द्या.’ नोकरीची हमी देत असतील, तर तिच्या अटी लेखी मागा. दोन्हींना टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.