प्रेतांनी घडलेला चेहरा

आता पडद्यावर बघा. मागच्या रांगेतून पाहिलं तर नेपोलियनचं नेहमीचंच चित्र वाटेल, एका बाजूनं काढलेलं. आता जरा पुढे या. गाल, कपाळ, नाक हे सगळं नग्न प्रेतांचं आहे, एकात एक गुंतलेली प्रेतं. टोपी म्हणजे प्रशियाचा गरुड. कोट म्हणजे जर्मनीचा नकाशा, त्यावर लढायांची नावं. छातीवर मानचिन्ह असायचं तिथे जाळ्यात बसलेला कोळी, आणि खांद्याच्या झुपक्याऐवजी ते जाळं पकडणारा एक हात.

ऑक्टोबर १८१३मध्ये लाइपझिगला नेपोलियन हरला, त्यानंतरचं हे चित्र. त्याखाली जर्मन लोकांना १८१४च्या नववर्षाच्या शुभेच्छा आहेत. म्हणजे हे चक्क भेटकार्ड! त्याच्या युरोपभर नकला निघाल्या, लंडनमध्ये आकरमाननेही छापलं.

ही युक्ती व्यंगचित्रकाराची नव्हे. सोळाव्या शतकात हॅब्सबर्ग दरबारात आर्चिम्बोल्दो नावाचा इटालियन चित्रकार होता. त्यानं सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा चेहरा फळं, भाज्या आणि फुलांनी रचला आणि त्याला ऋतूंचा देव व्हर्तुम्नुस केलं. दिसायला गंमत, पण ती स्तुती होती: सम्राट आहे म्हणून धरती पिकते. बर्लिनच्या चित्रानं पद्धत तीच ठेवली, पीक बदललं. या राज्यात काय पिकलं ते बघा, असं ते म्हणतं. अभिजात कलेतून उसनं घ्यायचं ते यासाठी. ज्याला स्तुतीची भाषा ओळखीची, त्यालाच ती उलटी झालेली कळते.

पण एक गोष्ट मला खटकत आली आहे. १८०६मध्ये न्यूरेंबर्गचा योहान फिलिप पाल्म हा पुस्तकविक्रेता, जर्मनीच्या मानहानीवरची एक निनावी पुस्तिका विकली म्हणून, फ्रेंचांनी गोळ्या घालून मारला. तेव्हा नेपोलियन चढतीवर होता. भेटकार्ड आलं ते तो घसरायला लागल्यावर. (सिंहासन सोडलं एप्रिल १८१४मध्ये, म्हणजे छापताना तो पुरता पडलेलाही नव्हता, हे चित्रकाराच्या बाजूनं सांगायला हवं.)

आणि ती प्रेतं कुणाची? लाइपझिगला दोन्ही बाजूंनी जर्मन होते. सॅक्सनीचे सैनिक तर लढाई चालू असताना बाजू बदलून गेले. चित्रात कुणाच्याही अंगावर गणवेश नाही, त्यामुळे कोण कुणाचा ते ओळखता येत नाही. चित्रकारानं हे मुद्दाम केलं असेल का? मला वाटतं, निम्मं मुद्दाम. उरलेलं निम्मं, नग्न देहाची गोलाई गालाला बरोबर बसते म्हणून.