रांजणगाव की नाशिक?

वीस लाखांच्या आत बसणारी, घाट चढणारी आणि घरच्या चार-पाच माणसांना सामानासकट गावी नेऊन आणणारी विजेची एसयूव्ही हवी असं एखाद्या मराठी कुटुंबानं २०२३-२४ मध्ये ठरवलं, की यादी बहुधा दोन नावांवर येऊन थांबायची: टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि महिंद्रची एक्सयूव्ही४००. दोन्ही इथल्याच. एक पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून निघाली, दुसरी नाशिकच्या. दोन्ही मुळात पेट्रोल-डिझेलसाठी आखलेल्या सांगाड्यांवर उभ्या राहिल्या. शोरूममध्ये शेजारी ठेवल्या तर फरक पडद्यांच्या आकारात आणि सीटच्या कापडात दिसायचा. खरा फरक दोन ठिकाणी होता आणि त्याबद्दल सेल्समन क्वचितच बोलायचा: गाडीची लांबी आणि बॅटरीतलं रसायन.

त्याआधी थोडा इतिहास. या धंद्यात महिंद्र आधी उतरली. २०१० मध्ये तिनं बंगळूरची रेवा घेतली, २०१३ मध्ये ई२ओ आणली, पुढं ई-व्हेरिटो. गिऱ्हाईक मात्र फिरकलं नाही. टाटाचं बस्तान बसायला २०१७ ची सरकारी खरेदी कामी आली. केंद्राच्या ईईएसएल या कंपनीनं दहा हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली, ती टाटाला मिळाली आणि महिंद्रनंही त्यात वाटा घेतला. मग जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, १३.९९ लाखांपासून, ३०.२ युनिटांची बॅटरी घेऊन. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली, तरी गाडी चालली. पुढची तीन वर्षं या किमतीत तिला तोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. एक्सयूव्ही४०० ची किंमत जाहीर झाली जानेवारी २०२३ मध्ये, १५.९९ लाखांपासून; आणि त्याच आठवड्यात टाटानं नेक्सॉनचे भाव उतरवले. स्पर्धेचा फायदा गिऱ्हाइकाला होतो हे इतक्या तडकाफडकी क्वचितच पाहायला मिळतं.

आता लांबी. आपल्याकडे चार मीटर ही मोटारींच्या जगातली लक्ष्मणरेषा आहे. त्याच्या आत राहिलेल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर कमी कर. बोटभर ओलांडली की कर भरमसाट वाढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, रेघ तीच राहिली. त्यामुळे आपल्या ‘कॉम्पॅक्ट’ एसयूव्हींची पाठ कापल्यासारखी दिसते. महिंद्रची एक्सयूव्ही३०० अशीच ३,९९५ मिलिमीटरवर थांबलेली. डिकी एवढी तोकडी की दोन मोठ्या बॅगा ठेवल्यावर तिसरी मांडीवर. विजेच्या गाडीला मात्र ऑगस्ट २०१९ पासून लांबी कितीही असो, पाच टक्केच जीएसटी. महिंद्रच्या अभियंत्यांनी ही मोकळीक उचलली आणि गाडी ४,२०० मिलिमीटरपर्यंत ओढली. चाकांमधलं अंतर तेच ठेवलं, २,६०० मिलिमीटर. म्हणजे वाढलेली वीतभर जागा बहुतेक सगळी मागच्या चाकांच्या मागे गेली आणि डिकी ३७८ लिटरची झाली.

टाटानं तसं केलं नाही. नेक्सॉन ईव्ही पेट्रोलच्या भावंडाएवढीच राहिली, चार मीटरच्या आत, चाकांमधलं अंतर २,४९८ मिलिमीटर. कारखान्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं होतं. तेच पत्रे, तेच साचे, खर्च आटोक्यात. शहरातल्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी घालणाऱ्याला ती वीत वाचलेलीच बरी. पण मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसवून पुणे–कोल्हापूर केलंत तर नाशिकची गाडी का ऐसपैस वाटते ते साताऱ्याच्या आतच कळतं.

दुसरा मुद्दा बॅटरीच्या पोटातला. नेक्सॉनमध्ये लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल. एक्सयूव्ही४०० मध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे एनएमसी. एनएमसी तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. एलएफपी त्या मानानं जड, पण उन्हाला जास्त सोसणारी, जास्त वेळा भरता-रिकामी करता येणारी आणि बिथरायला जास्त तापमान लागणारी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे त्यानं या वाक्यावर दोन मिनिटं थांबावं. जून २०२२ मध्ये वसईत एका नेक्सॉन ईव्हीनं पेट घेतला, त्या चित्रफिती देशभर फिरल्या. तेव्हा कोणतंच रसायन पूर्ण निर्धोक नाही हे खरं. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले हेही खरं.

रसायनाचा परिणाम रोजच्या सवयीवरही होतो. एनएमसी बॅटरी रोज काठोकाठ भरू नये, ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. शंभर टक्के फक्त लांबच्या प्रवासाआधी. एलएफपीचं उलट. तिचा व्होल्टेज भरलेपणाच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे आत किती वीज उरली याचा गाडीच्या संगणकाला नीट अंदाज लागत नाही. अधूनमधून सावकाश, पूर्ण शंभर टक्के भरली की त्याचा हिशेब जुळतो. नेहमी अर्धवट चार्ज करणाऱ्याच्या डॅशबोर्डवर तीस टक्के दिसत असताना आकडा अचानक घसरतो, तेव्हा बऱ्याचदा दोष या सवयीचा असतो.

रेंजच्या आकड्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. चाचणीच्या पट्ट्यावर ३९.४ युनिटांची एक्सयूव्ही४०० ४५६ किलोमीटर जाते आणि २०२४ मध्ये आलेली ४५ युनिटांची नेक्सॉन ४८९. रस्त्यावर एसी लावून, माणसं भरून एका युनिटमागे सातेक किलोमीटर धरा आणि बॅटरीच्या युनिटांनी गुणा. पहिलीचे पावणेतीनशे, दुसरीचे तीनशेच्या थोडे वर. हलक्या पायाच्या माणसाला याहून जास्त मिळतील, द्रुतगती मार्गावर शंभराच्या पुढं काटा ठेवणाऱ्याला कमी.

घाटाचा हिशेब वेगळा. मुंबईहून नाशिकला जाताना आपण समुद्रसपाटीवरून जवळपास सहाशे मीटर वर चढतो. माणसांसकट पावणेदोन-दोन टनांची गाडी तेवढी उचलायला बॅटरीतून तीन युनिटांच्या वर खर्च होतात, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरची रेंज. परतताना कसाऱ्याचा उतार त्यातला बराच भाग मोटरमार्फत बॅटरीत परत भरतो. नेक्सॉनच्या नव्या रूपात वीज परत भरताना मोटर गाडीला करते तो रोध स्टेअरिंगमागच्या पट्ट्यांनी कमीजास्त करता येतो. एक्सयूव्ही४०० मध्ये ‘एल’ टाकला की पाय उचलताच गाडी स्वतःला आवरते. एक गोष्ट मात्र नवखे हमखास विसरतात. लोणावळ्यात मुक्काम केला, रात्रभर चार्जर लावला आणि सकाळी शंभर टक्क्यांनिशी बोरघाट उतरायला घेतला, तर भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागाच नसते. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्यानं ऐंशी-पंच्याऐंशीवरच प्लग काढावा.

जोराच्या बाबतीत महिंद्र उघड पुढं. ३१० न्यूटन-मीटरचा टॉर्क आणि शून्यापासून शंभरापर्यंत ८.३ सेकंद. फेसलिफ्टनंतरच्या मोठ्या बॅटरीच्या नेक्सॉनचा टॉर्क २१५, तिला अर्धा सेकंद जास्त लागतो. सेकंदांचा फरक बोलण्यापुरता; पण चढावर भरल्या गाडीनं ट्रक ओलांडताना तो टॉर्क पायाला जाणवतो. माझ्या मते या किमतीतली चालवायला सगळ्यात मजेदार गाडी तीच होती आणि महिंद्रनं ते कुणाला धड सांगितलंच नाही. सुरुवातीच्या एक्सयूव्ही४०० मध्ये पडदा सात इंची, एसी हातानं फिरवायचा, मागच्यांना गार हवेचा झरोकाही नाही. पंधरा-सोळा लाख मोजणाऱ्याला हे कसं पटावं? जानेवारी २०२४ च्या ‘प्रो’मध्ये सव्वादहा इंचांचे दोन पडदे, मागचे झरोके, सगळं आलं. तोवर सप्टेंबर २०२३ ची नवी नेक्सॉन बाजारात स्थिरावली होती. ती तर गाडीतून बाहेर वीज देते. शेतावर मिक्सर, दिवे, लॅपटॉप खुशाल चालवा. सुरक्षेत दोघी तोडीस तोड. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत २०२४ साली दोघींना पाच तारे.

आणि तरी निवडीचा निकाल पुष्कळदा सोसायटीच्या मीटररूममध्ये लागतो. तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल किती मीटर, मधे कुणाची भिंत, सेक्रेटरींचं ना-हरकत पत्र मिळतं का, हे आधी पाहा. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रिकामी गाडी भरायला तेरा-पंधरा तास लागतात, ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर सहा-सात. सॉकेट चालेल, पण अर्थिंग पक्कं हवं आणि वायर पुरेशा जाडीची हवी. जुन्या इमारतींत इथंच घोडं पेंड खातं. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या आसपास युनिटं. ती घरच्याच मीटरवर पडली तर मर्यादेच्या वर जाणाऱ्या युनिटांना महावितरणचा वरचा स्लॅब लागतो. वेगळा मीटर मिळत असेल तर त्याच्या स्थिर आकारासकट हिशेब मांडून पाहावा.

पैशाची दुसरी बाजू सुखाची. पंधरा लाखांच्या पेट्रोल गाडीवर राज्याचा वाहनकरच पावणेदोन लाखांच्या घरात जातो. विजेच्या गाडीला तो माफ. २०२५ च्या राज्य धोरणानं अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही जाहीर केली.

मला विचाराल तर: एकच गाडी, रोज शहरात, मोकळ्या उन्हात उभी राहणारी आणि दहा वर्षं ठेवायची असेल तर ४५ युनिटांची नेक्सॉन. माणसं जास्त, सामान जास्त, डोक्यावर छप्पर असलेलं पार्किंग आणि हात थोडा आखडता असेल तर जुन्या बाजारातली ‘प्रो’. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला बनणारी बीई ६ आल्यापासून महिंद्रचं मन तिकडं रमलंय. जुनी घेणाऱ्याला भाव पाडून मागायला हे चांगलं निमित्त आहे. घेताना आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती तुमच्या नावावर होते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बॅटरीची तब्येत किती टक्के आहे याचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच काढा. आणि टेस्ट ड्राइव्ह सोसायटीभोवती चक्कर मारून संपवू नका. घरातली सगळी माणसं बसवून, एसी लावून, एक घाट चढून या.