घराची किंमत आणि पाण्याचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्याची पुंजी घरात घालते. परंतु त्या घरासाठी वाळू कोठून आली, पाणी कोठून येणार व सांडपाणी कोठे जाणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र, मंजूर नकाशे व ताब्याची तारीख उघड करणे विकासकांवर बंधनकारक केले. ही प्रगती मोठीच आहे. निसर्गाचा हिशेब मात्र ग्राहकापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

नियम नाहीत असे नव्हे. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. तिच्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. पण तो वाचतो कोण? सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा व कचरा यांचा तपशील देणे भाग पाडले. बहुतेक विकासक मात्र सूचीबद्धच नाहीत.

किमतीत न दिसणारा खर्च कोणीतरी भरतोच. सांडपाणी शुद्धीकरणाचा संच बंद पडला की नदीकाठचे गाव तो भरते. कूपनलिका आटली की टँकरच्या रूपाने सदनिकाधारक स्वतःच भरतो. म्हणून विक्रीच्या करारालाच पाण्याचा स्रोत, संचाची क्षमता व त्याचा वार्षिक खर्च जोडणे सक्तीचे करावे. मोठ्या प्रकल्पात ताजा सहामाही अहवालही जोडावा. त्यासाठी नवे खाते नको, एक परिशिष्ट पुरे. फरशीचा रंग पारखून घेणाऱ्या ग्राहकाला पाण्याचा हिशेब मागण्याचाही अधिकार हवा.