पडद्यावर 150 अंश, तरी पाकीट सुटतंय? सीलिंग मशीनचं तापमान असं लावा

वसमत : हळद चांगली, दळण बारीक, पाकीटही देखणं. पण दुकानात आठ दिवस राहिलं की सील उकलतं. दमट हवा आत शिरली की पुडीच्या गुठळ्या होतात आणि दुकानदार माल परत पाठवतो. बचत गटातल्या बायकांची आठवड्याची मेहनत त्यात जाते. दोष बहुतेक वेळा पाकिटाला दिला जातो. खरं कारण मात्र मशीनवरच्या टेंपरेचर कंट्रोलरमध्ये असू शकतं.

काम कसं चालतं?

पट्ट्याच्या सीलिंग मशीनमध्ये धातूचे दोन ठोकळे हिटरने तापतात. ठोकळ्यात बसवलेला सेन्सर, म्हणजे थर्मोकपल, आतली उष्णता कंट्रोलरला कळवतो. डिजिटल कंट्रोलरवर दोन आकडे असतात. 'पीव्ही' म्हणजे सेन्सरने सांगितलेलं तापमान आणि 'एसव्ही' म्हणजे आपण लावलेलं. कंट्रोलर सेन्सर सांगेल तेच खरं मानतो. सेन्सर चुकला की सगळंच चुकतं.

सेन्सरचा प्रकार आधी बघा

थर्मोकपल 'के' आणि 'जे' अशा प्रकारांत मिळतं. जुनं खराब झालं की बाजारातून मिळेल ते आणून जोडलं जातं, आणि इथंच घोळ होतो. कंट्रोलर 'के'वर लावलेला आणि सेन्सर 'जे' असला, तर पडद्यावर 150 दिसतं, पण ठोकळा 120 च्या आसपासच असतो. उलटं झालं तर ठोकळा जास्त तापून पाकीट जळतं. म्हणून सेटिंगमधला 'इनपुट'चा प्रकार सेन्सरशी जुळलाच पाहिजे. ठोकळा तापत असताना आकडा खाली जात असेल, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात असं समजा.

सेन्सरचं टोक ठोकळ्याच्या भोकात घट्ट बसलेलं हवं. ते बाहेर निसटलं तर आकडा कमी दिसतो, कंट्रोलर हिटर चालूच ठेवतो आणि पट्टा जळतो. वायरिंगचं काम मशीनचा प्लग काढूनच आणि जाणकार वायरमनकडून करून घ्यावं. अर्थिंग नीट आहे का, तेही त्याच वेळी बघावं.

आकडा खरा आहे का?

तापमानाचा प्रोब असलेला मल्टिमीटर यासाठी चालतो. हा मीटर आधी तपासून घ्या. प्रोबचं टोक खळखळ उकळत्या पाण्यात धरा. आपल्या भागाच्या उंचीमुळे पाणी 98 ते 99 अंशांना उकळतं, तेवढाच आकडा यायला हवा. मग मशीन 15 मिनिटं तापू द्या आणि प्रोब ठोकळ्याला नीट टेकवा. पडद्यावर 150 आणि मीटरवर 144 आले, तर कंट्रोलरच्या 'ऑफसेट'मध्ये उणे 6 भरा. लांबून धरायच्या टेंपरेचर गनवर इथं विसंबू नका. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते.

आकडा सारखा वर-खाली होत असेल तर 'ऑटो ट्यून' करा. आधी एसव्हीवर नेहमीचं तापमान लावा, पट्टा चालू ठेवा आणि मग ट्यूनिंग सुरू करा. ते पूर्ण होईपर्यंत बटणांना हात लावू नका.

योग्य तापमान कसं शोधायचं?

सगळ्या पाकिटांना एकच आकडा चालत नाही. साधी पातळ पॉलिथीन पिशवी 110 अंशांच्या आसपास वितळते. छपाईच्या जाड थरांच्या पाकिटाला जास्त उष्णता लागते. पट्ट्याचा वेग मध्यम ठेवून 130 पासून सुरुवात करा. दर वेळी 5 अंश वाढवा, पाच मिनिटं थांबा आणि तीन रिकामी पाकिटं सील करा.

सील पूर्ण थंड झाल्यावरच ओढून बघा. गरम असताना तपासलं तर अंदाज फसतो. सील कागदासारखं सोलून निघालं तर उष्णता कमी आहे. ते आकसलं, जळलं किंवा कडेला कापल्यासारखं तुटलं तर जास्त आहे. पाकीट ताणलं किंवा फाटलं, पण सील उघडलं नाही, तर तापमान बरोबर समजा. मग हवा भरलेलं पाकीट सील करून बादलीतल्या पाण्यात दाबा. बुडबुडे आले तर कुठंतरी फट आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान, वेग आणि दाब एकदम फिरवले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. जमलेला आकडा आणि वेग पाकिटाच्या प्रकारासह मशीनजवळ लिहून ठेवा. पाकिटाचा नवीन रोल आला की पुन्हा तपासा.

पाकिटाच्या तोंडाला हळदीची पूड लागली असेल, तर कुठल्याही तापमानाला सील धरत नाही. भरताना नरसाळं वापरा आणि सील करायच्या आधी तोंड कोरड्या फडक्यानं पुसा.

काम संपल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका. आधी हिटर बंद करा. पंखा आणि पट्टा चालू ठेवून आकडा 100 च्या खाली येऊ द्या, मगच मशीन थांबवा. नाहीतर तापलेल्या ठोकळ्यात अडकलेला पट्टा तिथंच करपतो.