हॉकी खेळून घर चालतं का? खडकीचा धनराज आणि डेट्रॉइटचा टेड

ज्यांना इअरफोन लावून ऐकायची सोय नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय एका मेसेजमुळे निघाला. संत तुकाराम नगरमधला आपला एक श्रोता, नुकताच बारावी झालेला. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर हॉकी खेळतो. त्याने लिहिलं, "दादा, रीलवर आइस हॉकीवाले बघतो. कोट्यवधी कमावतात म्हणे. आपल्याकडे हॉकी खेळून घर चालतं का? बाबा म्हणतात, आयटीआय कर आणि चाकणला लाग."

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज दोन खेळाडूंची गोष्ट सांगतो. एक बर्फावरचा, कॅनडातला. दुसरा आपल्या शेजारचा. संत तुकाराम नगरला मेट्रोत बसलात तर नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी आणि मग खडकी. सहाव्या स्टेशनवर त्याचं गाव. दोघांचंही एकच झालं: जोरात खेळले, मग हक्काचं मागितलं, आणि बाहेर पडावं लागलं.

आधी बर्फावरची गोष्ट

आइस हॉकी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संघाचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोलकीपर. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाहेर बसतो, लगेच दुसरा आत येतो. उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही या खेळातली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. २०२३-२४ च्या हंगामापासून तिथला किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर झाला. किमान बरं का. म्हणजे संघातल्या सगळ्यात नवख्या पोरालाही वर्षभर खेळला तर एवढे मिळणारच.

रीलमध्ये हे दिसतं. पण हे कुठून आलं, ते रीलमध्ये दिसत नाही.

टेड लिंडसे. जन्म १९२५, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात. डेट्रॉइट रेड विंग्ज संघाचा स्टार. गॉर्डी हाऊ, सिड एबल आणि टेड ही त्या काळातली गाजलेली तिकडी. १९५० ते १९५५ या काळात संघाने चार वेळा स्टॅनले कप जिंकला. त्या लीगमधलं सर्वोच्च यश म्हणजे हा कप.

तेव्हा लीगमध्ये फक्त सहा संघ होते. एकदा एका संघाने करार केला की खेळाडू त्याच संघाशी बांधलेला. मालक म्हणेल तो पगार. शेजारी बसलेल्याला किती मिळतात, ते कुणी कुणाला सांगत नसे. पेन्शन फंड होता, त्यात खेळाडूंचेही पैसे जात होते. टेडने विचारलं, "त्या फंडाचा हिशोब दाखवा." हिशोब काही मिळाला नाही.

मग १९५७ च्या फेब्रुवारीत टेड, माँट्रियलचा डग हार्वी आणि इतर संघांतले काही खेळाडू एकत्र आले आणि त्यांनी खेळाडूंची संघटना जाहीर केली. आता गंमत बघा. त्याच हंगामात टेड आयुष्यातली सर्वोत्तम हॉकी खेळत होता, लीगमधले सगळ्यात जास्त असिस्ट त्याच्या नावावर होते. आणि जुलैमध्ये डेट्रॉइटने त्याला शिकागोला देऊन टाकलं. शिकागो तेव्हा तळातला संघ. निरोप स्पष्ट होता: आवाज केलात तर तुमचाही टेड होईल. पेन्शनसारख्या काही मागण्या पुढे मान्य झाल्या, पण संघटना टिकली नाही.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली आणि या वेळी टिकली. आजचा तो किमान पगार संघटना आणि मालक यांच्या करारातून ठरतो. २०१० मध्ये खेळाडूंनी स्वतःच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला टेड लिंडसेचं नाव दिलं. म्हणजे रीलमधल्या कोटींच्या मागे एक बाहेर काढलेला माणूस आहे.

आता खडकी

धनराज पिल्ले. जन्म १९६८, खडकी. घर तमिळ, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानावर ग्राउंड्समन. कॉलनीतल्या मऊ, चिखलाच्या मैदानावर मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन भाऊ-भाऊ खेळायचे. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता. ऐंशीच्या दशकात धनराजही मुंबईला गेला. पुढे महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात आला, तिथे जोकिम कार्व्हालोंचं मार्गदर्शन मिळालं. १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात भारताकडून पहिल्यांदा उतरला.

तिथून २००४ पर्यंत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. गोल किती? साधारण १७० म्हणतात. "साधारण" का, तर आपल्या महासंघाने त्या काळात गोलांची नीट नोंदच ठेवली नाही. देशासाठी पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाचे गोल अंदाजाने सांगावे लागतात!

डिसेंबर १९९८, बँकॉक एशियाड. धनराज कॅप्टन. फायनलला दक्षिण कोरिया, सामना बरोबरीत, निकाल पेनल्टीवर. भारत जिंकला. १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, एशियाडमध्ये हॉकीचं सुवर्ण.

आणि लगेच पुढच्या मालिकेला धनराजसह अनेक सीनियर खेळाडू संघात नाहीत. अधिकृत कारण? "विश्रांती". पण खेळाडूंनी सुविधा आणि मानधनाबद्दल तक्रार केली होती, त्याची ही शिक्षा आहे, असं तेव्हा सगळीकडे उघड बोललं गेलं.

टेडची गोष्ट आठवली ना? खेळ वेगळा, देश वेगळा, मधे चाळीस वर्षं. पण फरक एक मोठा आहे. तिकडे पुढे खेळाडूंची संघटना उभी राहिली. आपल्याकडे पाठीशी तसं काही नव्हतं. धनराज परत आला तो स्वतःच्या खेळाच्या जोरावर. खेलरत्न मिळालं, सिडनीला गेला. तिथे पोलंडविरुद्ध शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा गोल खाल्ला, १-१ झालं आणि सेमीफायनल हुकली. ऑलिंपिक पदक शेवटपर्यंत मिळालं नाही.

मग घर कसं चाललं?

इथे आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. धनराजचं पोट देशाच्या जर्सीवर चाललं नाही. त्याचे आधार वेगळे होते.

पहिला, नोकरी. आधी महिंद्रा, मग इंडियन एअरलाइन्स. कंपनीच्या संघाकडून खेळायचं, पगार दर महिन्याला. संघातून वगळलं तरी पगार थांबत नाही. याच भरवशावर माणूस ताठ मानेने बोलू शकतो.

दुसरा, परदेशी क्लब. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं लियॉं, जर्मनीतलं स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले क्लब, ढाक्याचं अबाहानी. हंगामापुरतं जायचं, खेळायचं, कमवायचं, परत यायचं.

तिसरा, लीग. पण हा उशिरा आला. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा धनराज छत्तिशीत होता. ती २००८ पर्यंत चालली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. आपल्या पुणे स्ट्रायकर्सचं घरचं मैदान पिंपरीचंच होतं. संघ फायनलपर्यंत गेला, शेर-ए-पंजाबकडून हरला. ती लीग एकाच हंगामात संपली. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती, त्यामुळे खेळाडू कात्रीत सापडले: पैसा घ्यायचा की देशाची जर्सी?

आज परिस्थिती बरी आहे. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. मुलींचीही लीग २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली. पण त्याच लिलावात बोलीची सुरुवात कुठून होती, तेही ऐका: दोन लाख, पाच लाख आणि दहा लाख. आणि हंगाम जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा. उरलेले दहा-अकरा महिने?

आइस हॉकीचं म्हणाल तर ती भारतातही आहे, लडाखमध्ये. आपल्या मुलींच्या संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य जिंकलं. पण तिथेही मोठा आधार आर्मी आणि आयटीबीपीच्या संघांचाच. म्हणजे पुन्हा नोकरी.

तर मित्रा, तुझ्यासाठी

बाबांशी भांडू नकोस. ते खेळाच्या विरोधात नाहीत, ते "पर्मनंट" शब्द शोधतायत. आपल्या पट्ट्यात कंत्राटी आणि पर्मनंट यातला फरक प्रत्येक घराला माहीत आहे. खेळाडूचं आयुष्यही त्याच दोन शब्दांत बसतं.

कुठल्याही संघाने बोलावलं तर चार प्रश्न विचार. पगार नेमका कोण देणार? वर्षातले किती महिने? गुडघा गेला किंवा संघातून काढलं तर हातात काय उरेल? आणि पैसे थकले तर दाद कुणाकडे मागायची? चारही प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली तर तो व्यवसाय. नाही मिळाली तर तो छंद आहे. छंद वाईट नसतो, पण त्यावर घर चालत नाही.

आयटीआयचा फॉर्म भर. सोबत स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती बघत राहा: रेल्वे, पोलीस, आर्मी. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, जिथे खेळशील तिथलं मूळ सर्टिफिकेट जपून ठेव, फोटो काढून फोनमध्येही ठेव. आणि एक वही कर. तारीख, सामना, कुणाविरुद्ध, किती गोल. रोज रात्री लिही. धनराजचे गोल कुणी नीट मोजले नाहीत. तुझे तू मोज.

भेटूया पुढच्या एपिसोडला. प्रश्न पाठवत राहा!