रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग बरंच झालं की!
(लेखमाला : दवाखान्यातलं बोलणं – लेखांक 7)

"हॅलो, ताईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय."
"मग बरंच झालं की, मॅडम!"

हे संभाषण मी सरावासाठी रचलेलं आहे. पण ते कुठल्याही दिवशी खरं ठरेल. निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे कोरोनाने गावोगाव शिकवून ठेवलंय. टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये नेमका हाच शब्द उलटा पडतो. गर्भ पिशवीत सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी करतात. ती निगेटिव्ह आली म्हणजे दिवस राहिलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांच्या केबिनमधलं बोलणं पाहिलं. आज बाहेर काउंटरपाशी येऊ, कारण बरेचदा बातमी तिथूनच फुटते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादाचे धडे आले. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर होणारी मुलं ते शिकतात. काउंटरवर फोन उचलणाऱ्या मुलीला मात्र पावती कशी फाडायची एवढंच शिकवलेलं असतं. 2021 च्या कायद्याने टेस्ट ट्यूब बेबी सेंटरवर जोडप्याचं समुपदेशन बंधनकारक केलंय, यशाची शक्यता किती हेही त्यात सांगायचं असतं. पण फोनवर पहिला शब्द कोणता उच्चारायचा, हे कायदा थोडाच सांगणार?

वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी मांडली गेली. स्पाइक्स हे तिचं नाव. सहाही पायऱ्या इथे घोकत बसायची गरज नाही. मला त्यातली एक आपल्या बीड जिल्ह्यासाठी लाखमोलाची वाटते: किती सांगू आणि कुणासमोर सांगू, हे आधी पेशंटलाच विचारायचं.

आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयते साखर कारखान्यावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात, आणि तो वाजतो तेव्हा मोळ्या गाडीत भरणं चालू असतं. भोवती मुकादम आणि टोळीतली माणसं. अशा वेळी निकाल कळला तर तिला रडायलाही आडोसा नाही. म्हणून गर्भ सोडण्याच्या दिवशीच तिला एकटीला विचारायचं: "ताई, निकाल कुणाला सांगू? फोन कुणाकडे असतो? किती वाजता करू?" उत्तर केसपेपरवर लिहून ठेवायचं. याला दोन मिनिटं लागतात.

न सांगण्याची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी गेली की पुन्हा दिवस जाणार नाहीत, पुढे काय काय त्रास होऊ शकतो, हे ऑपरेशनआधी बसून कुणी समजावलं असतं तर त्यातल्या किती जणी टेबलावर चढल्या असत्या?

निकालाच्या या फोनचा सराव करायला फक्त दोन खुर्च्या लागतात. एकीवर रिसेप्शनची मुलगी, दुसरीवर पेशंट झालेली सिस्टर. आधी नाव विचारून खात्री करायची, शेजारी कोण आहे ते विचारायचं. मग साधं वाक्य: "ताई, या वेळी दिवस राहिले नाहीत." 'फेल गेलं' म्हणायचं नाही; ऐकणारीला नापास आपणच झालो असं वाटतं. त्यानंतर गप्प राहायचं, मनात दहा आकडे मोजायचे. करून बघा. तिसऱ्या आकड्यालाच तोंडातून निसटतं, "काही नाही ओ, पुढच्या महिन्यात परत करू." आणि समोरची तर अजून या महिन्यातल्या कर्जाचाच हिशोब करत असते.

शांततेनंतर बहुतेक वेळा प्रश्न येतो, "इंजेक्शनं बंद करू का?" याचं उत्तर डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन फोनपाशी ठेवायचं, "विचारून सांगते" म्हणून तिला लटकवायचं नाही. दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो, "सासूबाईंना काय सांगू?" इथे रिसेप्शनच्या मुलीने सल्ला द्यायचा नाही. "तुमची इच्छा असेल तर त्यांना घेऊन या, डॉक्टर स्वतः बोलतील," एवढं म्हणायचं, आणि फोन तिने ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही.